दहशतवाद्यासाठी केलेला कायदा ड्रग्जवाल्याच्या दारात कसा पोचतो

३ फेब्रुवारी २००२ ला अमेरिकेत सुपर बोल होता, म्हणजे त्यांच्या फुटबॉलची फायनल, करोडो लोक टीव्हीसमोर. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला जेमतेम पाच महिने होत होते, जवळजवळ तीन हजार माणसं गेलेली, लोकांचा राग आणि भीती दोन्ही ताजं होतं. त्या मॅचच्या मधे व्हाइट हाऊसच्या ड्रग्जविरोधी ऑफिसच्या जाहिराती लागल्या. त्यांचा सूर असा, की दहशतवाद्यांना पैसे कुठून मिळतात माहितीये का, तुम्ही ड्रग्ज विकत घेता तेव्हा त्यातले काही कदाचित तुमच्याच खिशातून जातात. एका जाहिरातीत तर कोवळी पोरं कॅमेऱ्यात बघून एकेक कबुली देतात, मी अमुक खुनाला मदत केली, मी तमुक बॉम्बला मदत केली, अशा धाटणीची.

यावर लिबर्टेरियन लोक भयंकर चिडले. त्यांच्या पार्टीने वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात देऊन सरकारलाच उलटा सवाल केला, की काळ्या बाजारात एवढा पैसा येतो कुठून, तर तुमच्या बंदीमुळे येतो, मग दहशतवाद्यांना मदत नक्की कोण करतंय? मला हा सगळा विषय समजावून सांगायला हीच जागा बरी वाटते, कारण दहशतवाद, ड्रग्ज, न्याय आणि टीव्ही हे चारही धागे इथे एकाच ठिकाणी गुंतलेत.

आधी हे लिबर्टेरियन कोण ते बघू. ढोबळमानाने त्यांचं म्हणणं असं की तुमचं शरीर तुमचं, तुमची मालमत्ता तुमची, आणि जोपर्यंत तुम्ही दुसऱ्यावर जबरदस्ती करत नाही किंवा त्याला फसवत नाही तोपर्यंत सरकारने तुमच्या वाटेला जाऊ नये. सरकारचं काम काय, तर मारहाण, चोरी, फसवणूक यापासून लोकांना वाचवणं आणि करार पाळले जातायत ना ते कोर्टातून बघणं, बास. त्यामुळे टॅक्सबद्दल बोलायला लागले की ते उजवे वाटतात आणि ड्रग्ज, युद्ध, पाळत यावर बोलायला लागले की डावे वाटतात, आणि दोन्हीकडचे लोक त्यांच्यावर वैतागतात. त्यांची पार्टी डिसेंबर १९७१ मध्ये कोलोरॅडोत सुरू झाली, त्याच वर्षी जूनमध्ये प्रेसिडेंट निक्सनने ड्रग्जला देशाचा पहिल्या नंबरचा शत्रू जाहीर केलं होतं. पुढच्याच वर्षी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनने न्यूजवीकमध्ये या बंदीविरुद्ध लेख लिहिला, आणि चार वर्षांनी त्याला नोबेलही मिळालं, त्यामुळे त्याला गंजडी म्हणून उडवून लावणं कुणालाच जमलं नाही.

आता मुद्दा. चोरी झाली की ज्याची वस्तू गेली तो पोलिसात जातो, मारहाण झाली की मार खाल्लेला जातो, म्हणजे गुन्ह्याला फिर्यादी असतो. ड्रग्जच्या व्यवहारात फिर्यादीच नसतो! विकणारा खूश, घेणारा खूश, दोघांनाही पोलीस नकोत. मग पोलिसांना हा गुन्हा कळणार कसा? तर खबरे ठेवून, फोन ऐकून, साध्या वेशात गिऱ्हाईक बनून, घरात घुसून. म्हणजे खाजगी आयुष्यात डोकावल्याशिवाय हा कायदा राबवताच येत नाही, हे त्या कायद्याच्या पोटातच आहे. आणि दहशतवादाचं काय, तर तिथेही बॉम्ब फुटण्याआधी फिर्यादी नसतो, कट शिजत असतानाच पकडायचा तर तिथेही हेच सगळं लागतं, खबरे, फोन, गुपचूप झडती. दोन्ही लढायांना लागणारी हत्यारं सारखीच, फरक एवढाच की दहशतवादात खरंच निरपराध माणसं मरणार असतात म्हणून लोक ती हत्यारं सरकारच्या हातात द्यायला तयार होतात. आणि एकदा दिली की ती कपाटात पडून राहत नाहीत, रोज जे काम असतं त्याला वापरली जातात, आणि रोजचं काम ड्रग्जचं असतं.

हे मी हवेत बोलत नाहीये, आकडे आहेत. २६ ऑक्टोबर २००१ ला पेट्रियट ॲक्टवर, म्हणजे ११ सप्टेंबरनंतर आणलेल्या दहशतवादविरोधी कायद्यावर, सही झाली, सिनेटमध्ये विरोधात एकच मत पडलं, रस फाइनगोल्डचं. त्यातल्या २१३ व्या कलमाने अशा झडतीला देशभर पक्की परवानगी दिली की तुम्ही घरी नसताना पोलीस येणार, बघणार, फोटो काढणार, निघून जाणार आणि तुम्हाला नंतर कधीतरी सांगणार. सांगताना कारण दहशतवादाचंच सांगितलं गेलं, कायद्याच्या शब्दांत मात्र दहशतवादाचीच अट नव्हती. २०१३ च्या सरकारी वर्षात अशा ११,१२९ मागण्या नोंदल्या गेल्या, त्यातल्या ड्रग्जच्या ९,४०१ आणि दहशतवादाच्या ५१. एकावन्न!! म्हणजे शंभरात एकसुद्धा नाही. मला वाटतं लिबर्टेरियन लोकांची बाकी सगळी पुस्तकं बाजूला ठेवली आणि फक्त हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले तरी त्यांचा मुद्दा पोचतो.

उलट दिशेनेही ये-जा चालूच असते. लष्कराचं जास्तीचं सामान पोलिसांना देण्याची स्कीम १९९० च्या सुमाराला सुरू झाली ती ड्रग्जविरोधी कामासाठी, आणि १९९७ मध्ये ती वाढवून त्यात दहशतवादविरोधी काम घातलं. स्वॉट टीम, म्हणजे पोलिसांच्या खास सशस्त्र तुकड्या, मुळात ओलीस ठेवणारे, गच्चीवरून गोळ्या झाडणारे अशांसाठी होत्या. पीटर क्रास्का नावाच्या अभ्यासकाचा अंदाज आहे की १९८० च्या आसपास वर्षाला तीनेक हजार वेळा त्या बाहेर पडायच्या, आणि २००० नंतरच्या दशकात तो आकडा पन्नास हजारांच्या घरात गेला. एवढे ओलीस ठेवणारे अचानक कुठून आले, तर आले नाहीत, दार फोडून ड्रग्ज शोधायचं काम वाढलं. अटलांटात नोव्हेंबर २००६ मध्ये अशाच एका धाडीत नव्वदीच्या आसपासची एक आजीबाई गेली, दार न वाजवता घुसायचं वॉरंट खोट्या माहितीवर काढलेलं, चोर समजून तिने आपली जुनी पिस्तूल उडवली आणि पोलिसांनी तिला गोळ्या घातल्या. घरात काहीच नव्हतं म्हणून नंतर पोलिसांनीच तिथे गांजा ठेवला. हे मी आरोप म्हणून सांगत नाहीये, त्या पोलिसांनी कोर्टात गुन्हा कबूल केला आणि तुरुंगात गेले.

आता पैशांची गोष्ट, आणि ही जरा सावकाश सांगतो कारण पहिल्यांदा ऐकलं की खरं वाटत नाही. अमेरिकेत पोलीस तुमचा पैसा, गाडी, घर जप्त करू शकतात, तुमच्यावर गुन्हा सिद्ध न होता, इतकंच काय, दाखलही न होता. कारण खटला तुमच्यावर नसतो, वस्तूवर असतो. एका खटल्याचं अधिकृत नावच आहे ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध १,२४,७०० डॉलर रोख’. झालं असं की २००३ मध्ये नेब्रास्काच्या हायवेवर एका माणसाला स्पीडिंगसाठी थांबवलं. गाडी भाड्याची आणि दुसऱ्याच्या नावावर, आणि आत एका कूलर बॉक्समध्ये फॉइलमध्ये गुंडाळलेल्या नोटा. ड्रग्ज? एक कणही नाही. कुत्र्याने हुंगून इशारा दिला एवढाच पुरावा, शिवाय पैशांबद्दल विचारलं तेव्हा तो आधी खोटं बोलला होता. नंतर त्याने कोर्टात सांगितलं की ओळखीपाळखीच्या लोकांचे पैसे एकत्र करून मी शिकागोला रेफ्रिजरेटेड ट्रक घ्यायला गेलो होतो, तो आधीच विकला गेलेला म्हणून परत चाललो होतो. खालच्या कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला, वरच्या फेडरल कोर्टाने २००६ मध्ये दोन विरुद्ध एक मतांनी तो फिरवला आणि पैसे सरकारजमा. त्या माणसाला ड्रग्जच्या गुन्ह्यात कधीच दोषी ठरवलं नव्हतं. आणि १९८४ च्या कायद्यापासून जप्त मालातला मोठा हिस्सा त्या त्या पोलीस खात्यालाच वापरायला मिळतो, म्हणजे जो जप्त करणार त्याच्याच बजेटमध्ये भर. कितीही सज्जन माणूस तिथे बसवा, त्याची नजर बदलणारच. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने इंडियानाच्या एका केसमध्ये एकमताने सांगितलं की अवाजवी दंडाविरुद्धचं घटनेतलं संरक्षण राज्यांनाही लागू आहे. त्या माणसाने काही शे डॉलरची हेरॉइन विकली होती, त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त दंड १० हजार डॉलर, आणि सरकारला हवी होती त्याची ४२ हजारांची लँड रोव्हर, जी त्याने वडिलांच्या विम्याच्या पैशातून घेतलेली.

शिक्षेचं गणित तर त्याहून विचित्र. १९८६ मध्ये लेन बायस नावाचा बास्केटबॉलचा उगवता तारा, बॉस्टन सेल्टिक्सने निवडल्यावर दोनच दिवसांत, कोकेनने गेला आणि देशभर हळहळ झाली, लगोलग काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा आणला. त्यात ५ ग्रॅम क्रॅकला, म्हणजे ओढायच्या कोकेनच्या खड्यांना, जी किमान पाच वर्षं, तीच पावडर कोकेनला ५०० ग्रॅमवर. रसायन एकच, पण क्रॅक गरीब काळ्या वस्त्यांत विकलं जायचं आणि पावडर पैसेवाल्यांच्या पार्ट्यांत. हे १०० ला १ चं प्रमाण २०१० मध्ये १८ ला १ वर आणलं, बरोबरीला अजूनही नाही.

आणि युटामधली २००४ ची केस. पंचविशीतला एक तरुण, छोटी म्युझिक कंपनी चालवणारा, त्याने पोलिसांच्या खबऱ्याला तीनदा गांजा विकला, दर वेळी ८ औंस म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. खबऱ्याने सांगितलं की त्याच्याकडे पिस्तूल होतं. त्याने ते कुणावर रोखलं नाही, उडवलं तर नाहीच, पण ड्रग्ज आणि बंदूक एकत्र आली की तेव्हाच्या कायद्याने ठरलेली वर्षं एकावर एक रचली जायची, जज काही करू शकत नव्हता. झाली ५५ वर्षं. जज होते पॉल कॅसल, बुशने नेमलेले, गुन्हेगारांबद्दल मवाळ म्हणून अजिबात प्रसिद्ध नव्हते. त्यांनी निकालपत्रात स्वतःच हिशोब मांडला की विमान अपहरण करणाऱ्याला फेडरल नियमांप्रमाणे याच्या निम्मीही शिक्षा होत नाही, सार्वजनिक जागी माणसं मारायला बॉम्ब फोडणाऱ्या दहशतवाद्याला तर वीसेक वर्षंच. त्याच दिवशी त्यांनी एका म्हाताऱ्या बाईला ओंडक्याने मारून टाकणाऱ्याला २२ वर्षं दिली होती. ही शिक्षा क्रूर आणि अतार्किक आहे असं लिहून त्यांना ती द्यावी लागली, आणि प्रेसिडेंटने ती कमी करावी असंही त्यांनीच सुचवलं. तो तरुण बारा वर्षांनी सुटला, पुढे माफीही मिळाली. दहशतवाद्यापेक्षा गांजा विकणाऱ्याला जास्त वर्षं, हे कुठल्या लिबर्टेरियन पत्रकातलं वाक्य नाही, फेडरल जजने मांडलेला हिशोब आहे.

मग सुपर बोलच्या जाहिरातीतला दावा खोटा होता का? नाही, अर्धा खरा होता. अफगाणिस्तानात तालिबान अफूवर वसुली करायचे, कोलंबियात फार्क नावाचे बंडखोर कोकेनवर. पण गहू किंवा कापूस पिकवून कुणाच्या बंडखोर सेनेला एवढा पैसा का सुटत नाही, हा प्रश्न जाहिरात विचारत नाही. लिबर्टेरियनांचं उत्तर सरळ आहे, बंदी घातली की कायदा पाळणारा व्यापारी बाहेर पडतो आणि जोखीम घेणारा उरतो, तो जोखमीचे पैसे लावतो म्हणून किंमत चढते, आणि पैसे बुडवले तर त्याला कोर्टात जाता येत नाही म्हणून तो बंदूक ठेवतो. दारूबंदीत हेच झालं. जानेवारी १९२० ते डिसेंबर १९३३, त्याच काळात शिकागोत अल कपोन मोठा झाला, १९२९ च्या व्हॅलेंटाइन डेला गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीला उभं करून मारलं. आज बिअर विकणाऱ्या दोन कंपन्या भांडल्या तर वकील लावतात. शिवाय बंदीत माल कडक होत जातो, कारण लपवून न्यायचा तर कमी जागेत जास्त नशा मावली पाहिजे. तेव्हा बिअर मागे पडून कडक दारू आली, नंतरच्या काळात अफू मागे पडून हेरॉइन, आणि हेरॉइन मागे पडून फेंटानिल, मुख्यतः ज्यामुळे २०२१ पासून सलग तीन वर्षं अमेरिकेत ओव्हरडोसने दरवर्षी लाखावर माणसं गेली.

अफगाणिस्तानात अमेरिकेने २००२ ते २०१७ मध्ये अफू रोखायला साडेआठ अब्ज डॉलरच्या वर खर्च केले आणि २०१७ मध्येच खसखशीची लागवड विक्रमी झाली, तीन लाख हेक्टरच्या पुढे. शेत उपटलं की शेतकरी तालिबानकडे जायचा, कारण ते पीक वाचवू म्हणायचे. इथे एक गोष्ट मात्र लिबर्टेरियन लोक पटकन पुढे जातात आणि मला ते खटकतं. तालिबानने सत्तेत आल्यावर एप्रिल २०२२ मध्ये स्वतः बंदी घातली आणि वर्षभरात लागवड ९५ टक्के घटली. म्हणजे बंदी कधीच चालत नाही हे वाक्य खरं नाही, ती चालवायला तसलं राज्य लागतं आणि तसल्या राज्यात राहायची आपली कुणाची तयारी नसते, शेतकरी कंगाल झाला तो वेगळाच. तसंच ओरेगॉनचं. तिथे २०२० मध्ये मतदारांनी थोड्या प्रमाणात ड्रग्ज बाळगण्याचा गुन्हा काढून टाकला, पण विक्री काळ्या बाजारातच राहिली, उपचारांचे पैसे वेळेवर पोचले नाहीत, रस्त्यांवर उघड नशा दिसायला लागली आणि २०२४ मध्ये राज्याने तो परत गुन्हा केला. पोर्तुगालने २००१ मध्ये असंच केलं होतं, पण त्यांनी सोबत उपचारांची यंत्रणा उभी केली, आणि ती सरकारी पैशातून, जे पक्क्या लिबर्टेरियनाला पचत नाही. व्यसनात अडकलेल्याला मोकळं सोडलं की तो आपोआप मोकळा होतो असं नाही, हे ज्याने घरात बघितलंय त्याला सांगायला लागत नाही.

लोकांनी हे सगळं इतकी वर्षं चालू दिलं यात टीव्हीचा वाटा मोठा आहे. १९९७-९८ च्या सुमाराला काँग्रेसने ड्रग्जविरोधी जाहिरातींसाठी मोठा निधी मंजूर केला, अट अशी की चॅनेलने सरकारला विकलेल्या प्रत्येक जागेमागे तेवढीच जागा फुकट द्यायची. तेव्हा जाहिरातींचे भाव चढलेले, चॅनेलना ती फुकटची जागा बोचायला लागली, मग तोड निघाली की मालिकेच्या कथेतच ड्रग्जविरोधी संदेश घाला, आम्ही तो हिशोबात धरू. काही स्क्रिप्ट सरकारी ऑफिसात जायला लागल्या. जानेवारी २००० मध्ये सलॉन या वेब मासिकाने हे बाहेर काढलं. म्हणजे प्रेक्षक गोष्ट बघतोय असं समजतोय आणि प्रत्यक्षात त्याच्याच टॅक्सच्या पैशांनी ती गोष्ट वाकवलेली आहे. सेन्सॉरशिपपेक्षा हा प्रकार मला जास्त भयानक वाटतो, कारण सेन्सॉर निदान दिसतो.

दहशतवादाच्या बाबतीत तर पैसेही द्यावे लागले नाहीत. ‘२४’ ही मालिका नोव्हेंबर २००१ मध्ये सुरू झाली, घड्याळ टिकटिकतंय, बॉम्ब फुटणार आहे, आणि नायक जॅक बाउअर छळ करून माहिती काढतो आणि ती माहिती बहुतेक वेळा खरी निघते. २००६ मध्ये वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीचे डीन, ब्रिगेडियर जनरल पॅट्रिक फिनेगन, मालिकेच्या टीमला भेटले आणि म्हणाले हे थांबवा, माझ्या कॅडेटना हेच बरोबर वाटायला लागलंय. दुसरीकडे सुप्रीम कोर्टाचे जज अँटोनिन स्कालिया २००७ मध्ये कॅनडातल्या एका चर्चेत जॅक बाउअरचंच उदाहरण देत म्हणाले की याला कुठली ज्युरी दोषी ठरवेल? काल्पनिक पात्र, काल्पनिक बॉम्ब, आणि त्यावर खऱ्या कायद्याची चर्चा. खऱ्या आयुष्यात सीआयएने ११ सप्टेंबरच्या हल्ल्याचा सूत्रधार मानल्या जाणाऱ्या खालिद शेख मोहम्मदला १८३ वेळा तोंडावर पाणी ओतून गुदमरवलं, आणि सिनेटच्या २०१४ च्या रिपोर्टचा निष्कर्ष होता की अशा छळातून कामाची माहिती मिळाल्याचे दावे टिकत नाहीत.

टीव्हीने उलटंही काम केलं. बाल्टिमोरच्या ड्रग्ज बाजारावरची ‘द वायर’ संपत आली तेव्हा मार्च २००८ मध्ये तिच्या लेखकांनी टाइम मासिकात जाहीरच केलं, की आम्हाला ज्युरीत बसवलं आणि केस बिनहिंसेच्या ड्रग्जची असली तर पुरावा काहीही असो, आम्ही निर्दोष म्हणणार. ज्युरीने कायदाच चुकीचा म्हणून आरोपीला सोडायचं, ही लिबर्टेरियनांची फार आवडती गोष्ट आहे आणि तिला इतिहास आहे. पळून आलेल्या गुलामांना मदत करणाऱ्यांना उत्तरेतल्या काही ज्युरींनी असंच सोडलं होतं आणि दारूबंदीतही हे झालं. धोकाही आहेच, दक्षिणेत गोऱ्या ज्युरींनी काळ्यांना मारणाऱ्यांना याच वाटेने सोडलं.

आणि आता तर दोन्ही लढायांमधली भिंतच पडलीये. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने मेक्सिकोच्या काही कार्टेलना, म्हणजे ड्रग्जच्या मोठ्या टोळ्यांना, परदेशी दहशतवादी संघटना जाहीर केलं. २ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकन लष्कराने कॅरिबियन समुद्रात एक बोट उडवली, ११ जण ठार, सरकारने म्हटलं हे नार्कोटेररिस्ट, म्हणजे ड्रग्जवाले दहशतवादी, होते. मग एकामागून एक बोटी. सिनेटर रँड पॉल, जो २०१३ मध्ये ड्रोनविरुद्ध सिनेटमध्ये जवळजवळ १३ तास उभा राहून बोलला होता, तो स्वतःच्याच पक्षाच्या प्रेसिडेंटविरुद्ध बोलला, की पुरावा कुठे आहे, नावं काय आहेत, कोस्ट गार्ड ज्या बोटी थांबवतं त्यातल्या कितीतरींवर काहीच सापडत नाही. आधी हीच बोट असती तर कोस्ट गार्डने थांबवली असती, झडती घेतली असती, माल सापडला असता तर माणसं अमेरिकेच्या कोर्टात उभी राहिली असती, वकील मिळाला असता आणि दोषी ठरली असती तर तुरुंगात गेली असती. कायद्याचं पुस्तक तेच आहे, त्यात ड्रग्ज आणल्याबद्दल आजही साधारणपणे तुरुंगवासच लिहिलाय, फक्त त्या बोटीवरचा कोणीही त्या कोर्टापर्यंत पोचला नाही.